समोरच्यांच्या मांजरीचं खाणं

३ ऑगस्ट २०१८, शुक्रवार

शी! ऑफिसला निघताना बुटात पाय घातला तर आत ओलं. समोरच्यांची मांजर ओकून गेली होती, थेट माझ्या बुटात. पोळीचा लगदा आणि फाटलेलं दूध. पाय धुतला, चपला घातल्या, गेले. खराडीतल्या त्या काचेच्या इमारतीत दिवसभर लोकांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, आणि नाकात तो आंबूस वास!

संध्याकाळी समोरची बेल वाजवली. सुशीलाबाईंनी दार उघडलं. गळ्यात तुळशीची माळ, कडेवर तीच ती. ठमी.

"काकू, हिने माझ्या बुटात ओकलंय."

"अगं बाय! दूध पचंना झालंय तिला." आणि दार लोटलं. संपलं. बूट फेकून दिले.

मला मांजरं आवडत नाहीत. कुठेतरी लिहून ठेवायला हवं म्हणून लिहिलं.

५ ऑगस्ट, रविवार

बाबांनी सुकट केली. फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून रविवारचा स्वयंपाक त्यांचा. वासावर ठमी आलीच. बाबांनी दार किंचित उघडलं होतं, तर ती आत यायच्या ऐवजी चौकटीवर आपटली. मग खुर्चीच्या पायावर. मला हसू आलं. बाबा नाही हसले. तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला, पुन्हा हलवला.

"आमू, हिला दिसत नाही."

बाहुल्या मोठ्या, काळ्या, उजेडातसुद्धा. बशीतली सुकट तिने नाकाने शोधली. मग असं खाल्लं की मला बघवेना. घशात अडकेल इतक्या घाईने, गुरगुरत, कुणी हिसकावून घेईल अशी. घरातल्या मांजरीने असं का खावं?

६ ऑगस्ट, सोमवार

सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमनसाहेबांचा निरोप. "चौथ्या मजल्यावर उग्र वास येत असल्याच्या तक्रारी आहेत. सर्वांच्या भावनांचा विचार करावा." चेअरमन म्हणजे सुशीलाबाईंचा मुलगा पृथ्वीराज. ही बिल्डिंग त्यांच्या शेतात उभी आहे, हे तो लिफ्टमध्ये भेटलेल्या प्रत्येकाला सांगतो. चौथ्या मजल्यावर आम्ही आणि तेच.

आज आमच्याकडे मोड आलेले मूग होते.

८ ऑगस्ट, बुधवार

बाबा ऐकेनात. म्हणाले, तू सांग त्यांना, बाईमाणसाने सांगितलेलं बरं. सांगितलं. सुशीलाबाईंना माहीत होतं! "भितीला आपटती. म्हातारी झाली आसंल." म्हातारी कुठली, मागच्या गणपतीत एवढीशी होती ती. पृथ्वीराजला वेळ नाही, सूनबाईंना मांजरीची ऍलर्जी. शेवटी मीच रजा टाकली. कोण मी त्यांची!

बाजाराच्या पिशवीत ठमी, रिक्षात सुशीलाबाई आणि मी. डॉक्टर तरुण, दमलेला. टॉर्च मारला, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, आत नेऊन फोटो काढला.

"काय खायला घालता?"

"आमी खातो तेच. दूध-चपाती, वरण-भात. मी माळकरी हाय, आमच्यात दुसरं न्हाई."

"आजी, माळ तुम्ही घातलीय. तिने नाही."

मग माझ्याकडे बघून सांगत राहिला, मीच मालकीण असल्यासारखा. टॉरिन म्हणून एक घटक असतो. माणसाचं शरीर तो स्वतः तयार करतं, मांजराला तो मांसातूनच मिळतो. नाही मिळाला की आधी डोळे जातात, मग हृदय सुजतं. डोळे गेले, ते परत येणार नाहीत. हृदय अजून सावरेल. मांस हवं, आणि नुसतं उकडलेलं चिकनही पुरत नाही. तुम्ही दिवसभर बाहेर, तर चांगल्या प्रतीचं कोरडं खाणं आणा, ज्यात धान्य कमी आणि मांस जास्त. सोबत पाणी भरपूर. हळूहळू बदला, एकदम नाही.

बाहेर आल्यावर सुशीलाबाई पायरीवर बसल्या. मला वाटलं रडतायत. नव्हत्या.

"माझ्या घरात मांस येणार न्हाई, पोरी." मग, "तुमच्यात शिजतंच की. तुमच्याकडं खाईल ती."

तुमच्यात! रिक्षात मी रस्ताभर बाहेर बघत होते. मांजरीला आंधळं केलं ते चालतं. खाण्याचं पाकीट घरात आलं तर बाटतात.

९ ऑगस्ट, गुरुवार

डबा खाताना तनुजाला सांगितलं. माझ्या शेजारच्या डेस्कवर बसते. म्हणाली, "अगं, हल्ली व्हीगन कॅटफूड पण मिळतं! सगळेच खूश!"

मी डबा बंद केला.

११ ऑगस्ट, शनिवार

दुकानात गेले. आयुष्यात पहिल्यांदा. भिंतभर पाकिटं, प्रत्येकावर माझ्यापेक्षा सुखी मांजर. दुकानदार म्हणाला, "हे घ्या मॅडम, हेच सगळ्यात जास्त जातं. रंग बघा ना." लाल मासे, हिरवे मासे, पिवळे बदाम. मांजरीला रंगाचं काय कौतुक? रंग माझ्यासाठी होते. मी घेतलं!

घरी येऊन मागचं बारीक वाचलं. मका. मक्याचं ग्लूटेन. सोयाबीन. तांदळाचा कोंडा. मग कुठेतरी खाली "चिकन व चिकनचे उपपदार्थ". पुढच्या बाजूला अख्खी तंगडी छापलेली! दिवसभर हेच तर काम करते मी, स्क्रीनवर एक आणि आत दुसरंच. आणि रंग बघून फसले.

ठमीने हुंगलं, मागचा पाय झटकला, गेली. तिला डोळे नाहीत म्हणून ती फसली नाही.

आज गटारी. गच्चीवर पृथ्वीराज आणि मित्रमंडळी. जिन्यातून मटणाचा वास खालपर्यंत, आणि हसणं. ठमी जिन्याच्या पायरीवर नाक वर करून बसलेली, ओरडत होती. तिला कुणी एक तुकडा टाकला नाही. एक जण खाली उतरताना म्हणाला, "ए, हिला हाकल रे." मीच उचलून आत आणली. कुर्ताभर केस. शी.

१२ ऑगस्ट, रविवार

सकाळी ग्रुपवर: "श्रावणारंभाच्या शुभेच्छा. या पवित्र महिन्यात सोसायटीत मांसाहार शिजवू नये ही नम्र विनंती. — चेअरमन."

जिन्यात अजून हाडं पडली होती.

उत्तर लिहिलं. मोठं लिहिलं. बाबा चष्मा लावून वाचत होते, म्हणाले, "छान लिहिलंयस. पुस." पुसलं. का पुसलं? बाबांना अजून वाटतं, घराचे हप्ते फिटेपर्यंत भांडू नये. खडकीला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये माणूस वेगळा होता म्हणतात, एकाच भोंग्यावर सगळे उठायचे. इथे प्रत्येकाचा भोंगा वेगळा.

१४ ऑगस्ट, मंगळवार

दुसरं पाकीट. यावेळी दुकानात उभं राहून वाचलं. पहिला शब्द चिकन! आनंदाने आणलं. घरी नीट बघितलं तर चिकन पहिलं खरं, पण पाण्यासकट वजन धरलेलं; वाळल्यावर ते किती उरणार? आणि मका तीन ठिकाणी तीन नावांनी विभागून लिहिलेला, म्हणजे प्रत्येक तुकडा खाली जातो. हुशार लोक. यांना रात्री झोप कशी लागते?

तरी ठमीने खाल्लं. मीही मूर्ख, हळूहळू बदला म्हटलेलं विसरले. वाटीभर ठेवलं. रात्रीपर्यंत दिवाणखान्याभर जुलाब. सोफ्याच्या खाली, चटईवर, बाबांच्या पेपरवर. ओकारी येत होती. नाकाला ओढणी बांधून पुसलं. बाबा बादली भरून देत होते आणि तिला म्हणत होते, "असू दे, असू दे."

मला कुणी असू दे म्हणालं नाही.

१६ ऑगस्ट, गुरुवार

आजचं लिहू नये असं वाटतं. लिहिते.

सुशीलाबाई आल्या. हातात एक वाटी, जुनी, काठाला पोचा आलेली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. वाकून वाटी आमच्या फरशीवर ठेवली. "हिला ह्याच्यातच देत जा. आन् ही हिकडंच ऱ्हाऊ दे. आमच्या भांड्यात मिसळायला नको."

अगदी सहज म्हणाल्या. रागाने नाही, टोचायला नाही. "ऊन पडलंय" म्हणावं तसं. ते जास्त वाईट.

बाबांनी टीव्ही बंद केला. उठले. माझ्या मनात ती वाटी जिन्यातून खाली, सहा-सात टप्पे, आवाज करत, असं सगळं दिसत होतं. बाबांनी ती उचलली, पॅसेज ओलांडून त्यांच्या दाराशी नेऊन ठेवली. म्हणाले, "ताई, आमच्या घरी जो येतो तो आमच्या भांड्यात खातो. मांजर असली तरी." आणि परत येऊन स्वतःच्या चहाच्या बशीत ठमीला पाणी दिलं.

सुशीलाबाई उभ्या राहिल्या. वाटी घेऊन आत गेल्या.

बाबा त्या रात्री जेवले नाहीत.

आता पुरे. उद्यापासून ती मांजर, तिचं हृदय, तिची मालकीण, कुणाशी संबंध नाही.

१७ ऑगस्ट, शुक्रवार

ठमी सकाळीच दाराशी. धापा टाकत होती. आत घेतली.

१९ ऑगस्ट, रविवार

डॉक्टरला फोन केला. म्हणाला, समोरच्या चित्रावर जाऊ नका. यादीत पहिलं वाळवलेलं मांस किंवा मासे, तेही कुठल्या प्राण्याचे ते नावासकट लिहिलेलं हवं. नुसतं "मांसजन्य" नको. प्रथिनं जास्त. टॉरिन वेगळं नोंदवलेलं. रंग नको. आणि जुन्यात नवं चिमटीने वाढवत न्या.

असं पाकीट खराडीत नव्हतं. कॅम्पात मिळालं. साधं, करडं, वर मांजराचं चित्रसुद्धा नाही. वाळवलेलं चिकन, चिकन, मासा, कलेजी, मग बाकीचं. दुकानातल्या बाई म्हणाल्या, "हे कुणी नेत नाही हो, दिसायला चांगलं नाही ना." बरोबर! दिसायला भयंकर आहे. उघडलं आणि तोंड फिरवलं. बोंबील, जुनं तूप आणि ओलं चामडं एकत्र केल्यासारखा वास. सुकट-सोड्यांवर वाढलेली मी, आणि मला मळमळलं!

तरीही एक दाणा चावून बघितला. का? दोन पाकिटांनी फसवल्यावर माझा छापलेल्या अक्षरांवर विश्वास राहिला नव्हता. थुंकला. पण मांस होतं. मक्याचा भुगा नव्हता.

बाबा: "मीठ कमी आहे का गं?"

बऱ्याच दिवसांनी हसलो.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

लिफ्टमध्ये पृथ्वीराज. मनगटात सोन्याचं कडं, कपाळाला गंध.

"मॅडम, तुमच्या घरातून पॅसेजमध्ये फार वास येतो. श्रावण आहे."

"मांजराच्या खाण्याचा आहे. तुमच्या मांजराच्या."

"आमच्यात असलं येत नाही."

"गटारीला काय आलं होतं?"

"ती गच्ची, मॅडम."

चौथा मजला आला. माणूस इतक्या शांतपणे खोटं जगू शकतो! तो बिचारा जिना मात्र अजून तेलकट आहे.

२९ ऑगस्ट, बुधवार

आता पूर्ण नव्यावर आहे. वाटी चाटून साफ. धाप कमी. आज तिने बाबांच्या खुर्चीवर उडी मारली, अंदाजाने. चुकली. पुन्हा मारली. बसली.

सुशीलाबाई रोज संध्याकाळी त्यांच्या दारातून बघतात. आत येत नाहीत. मीही बोलावत नाही. नजर गेली की मला ती वाटी आठवते.

२ सप्टेंबर, रविवार

डॉक्टरने छाती तपासली. "सुधारतंय. बदलू नका आता." परत आले तर सुशीलाबाई दारात. विचारायचं होतं, विचारवत नव्हतं. मी पण सांगितलं नाही. पॅसेजमध्ये उभ्या ठेवल्या. बाबांनी आतून ओरडून सांगितलं, "ताई, बरी आहे हो ती!"

बाबांचा मला राग येतो कधीकधी.

८ सप्टेंबर, शनिवार

दमले आहे, पण सगळं लिहून ठेवते.

सकाळी ठमी आली नाही. म्हटलं, बरं झालं, शनिवारची झोप. मग बेल. सुशीलाबाई. पदर धड नाही, पायात चप्पल नाही.

"पृथ्वीराजनं सोडली तिला."

"कुठे सोडली?"

"पोत्यात घालून. पुलापल्याड, मुंढव्याच्या अंगाला. गणपती यायचाय घरात, तिचं त्वांड ह्या असल्या खाण्यानं बाटलंय म्हनला. आन् म्हनला, जनावर हाय, जगंल."

आंधळी मांजर. पोत्यातून बाहेर, नदीकाठी. जगेल!

मी पायात काही सरकवलं, खाण्याचा डबा आणि पाण्याची बाटली उचलली आणि निघाले. सुशीलाबाई मागोमाग. "तुम्ही कशाला?" म्हटलं. त्या रिक्षात बसल्या.

पुलापलीकडची ती जागा! नदी म्हणायची ती, काळा फेस वाहतो. काठावर राडारोडा, हॉटेलांचं उरलेलं, डायपर, कुजलेल्या झेंडूचे ढीग, डुकरं. पाय घोट्यापर्यंत रुतत होते आणि कशात ते बघायची हिंमत नव्हती. सुशीलाबाई अनवाणी. ठमे, ठमे, अशा हाका मारत होत्या. मी डबा खुळखुळवत होते. वरून ट्रक. कोण ऐकणार? वेड्या बाभळीचं रान तेवढं दाट. पोतं सापडलं. रिकामं. मी मनात म्हटलं, झालं.

तेव्हा सुशीलाबाईंनी डब्याकडे हात केला. "दे हिकडं. ऐकायला येत न्हाई तिला ह्या गोंगाटात. वास तरी जाऊ दे." मी डबा पुढे केला, तर त्यांनी सरळ आत मूठ घातली. मूठभर घेतलं. तळहातावर चुरडलं, बाटलीतलं पाणी टाकून कालवलं, भाकरीचं पीठ मळतात तसं. तो वास उठला! त्यांनी मान फिरवली, उमासा आला, डोळ्यांतून पाणी. "कसला घाण वास गं ह्येचा!" आणि तसाच तो हात बाभळीच्या झुडपात खांद्यापर्यंत घातला. काटे लागत होते. काढला नाही. "ये गं माझ्या बाय. ये. हाय मी."

मला वाटलं किती वेळ अशा बसणार. बसल्या. चिखलात मांडी घालून.

आधी दोन कान. मग ते मोठे काळे डोळे, कुठेच न बघणारे. चिखलाने माखलेली, एक पाय उचललेला, नाक पुढे. हातापर्यंत आली आणि खायला लागली. तशीच गुरगुरत, घाईने. सुशीलाबाई हात हलवत नव्हत्या. बोटांमधलंसुद्धा तिने चाटून घेतलं.

रिक्षात ठमी त्यांच्या पदरात. हात तसाच, वाळलेला, वास मारणारा. मी रुमाल दिला. घेतला नाही.

"माळ घातल्यापास्नं शिवले नव्हते," म्हणाल्या. मग पूल ओलांडल्यावर, "त्या दिवशी तुझे बाबा जेवले का गं?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी मान हलवली. माफी मागितली नाही. मागितली असती तर मी काय म्हटलं असतं, मला माहीत नाही.

९ सप्टेंबर, रविवार

भिंतीतून आवाज. पृथ्वीराजचा चढा, सुशीलाबाईंचा ऐकू येत नाही. "लोक काय म्हणतील" एवढंच पुन्हा पुन्हा. ठमी आमच्याकडे, पाय सुजलाय. खातेय.

१० सप्टेंबर, सोमवार

ग्रुपवर: "सोसायटीत पाळीव प्राण्यांना मांसाहारी खाद्य देणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल." खाली नमस्काराचे हात, एकाखाली एक. तनुजाची मावशी दुसऱ्या विंगमध्ये राहते, तिचेही हात.

यावेळी लिहिलं आणि पुसलं नाही. "पोत्यात घालून आंधळी मांजर नदीवर टाकणाऱ्यावर काय कारवाई?" बाबांनी वाचलं. स्वतःच्या फोनवरून खाली एक अंगठा टाकला.

१२ सप्टेंबर, बुधवार

उद्या गणपती. सकाळी बेल. सुशीलाबाई, हातात कपड्यांची पिशवी. "पृथ्वीराज म्हनला, गणपती घरात येतोय, आता ती मांजर तरी सोड न्हाईतर घर तरी. म्हनून आले. ऱ्हाऊ दोन दिस?" हो म्हणायला मला वेळ लागला. त्यांनी तो बघितला आणि उभ्या राहिल्या. बाबा आतून "या ताई" म्हणाले, तेव्हा मी बाजूला झाले.

माझा राग गेलेला नाही. आतल्या खोलीत त्यांचं अंथरूण घातलं आहे. दोन दिवसांच्या बोलीवर आल्या आहेत, पण पिशवीत हिवाळ्याची शाल आहे.